चित्रांची कार्यशाळा घ्यायचीय? आधी संडासाची चावी कुणाकडे असते ते विचारा

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली, वस्तुचित्रातल्या तांब्याचा काठ वाकडा आला की मार्क कापले. निवृत्त झाल्यापासून गेली ४ वर्षं दर शनिवारी दुपारी पुण्यात शुक्रवार पेठेतल्या एका हॉलमध्ये माती, कागद आणि रंग मांडून बसते. तिथे तांब्या वाकडाच येतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

याचं कारण माझा धाकटा भाऊ. तो बरीच वर्षं स्किझोफ्रेनियाची औषधं घेतोय. औषधांनी त्याचं घर-दुकान नीट चालतं, पण हात थरथरतात. एकदा हौसेने त्याला एका चित्रांच्या वर्गाला नेलं. तिथे पहिल्याच तासाला पेन्सिल देऊन सरळ रेघा मारायला सांगितल्या. शिकवणारे गृहस्थ भले होते, मागे उभं राहून "रिलॅक्स, रिलॅक्स" म्हणत होते. घरी येताना रिक्षात भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, माझा हात सगळ्यांनी बघितला."

आता आमच्याकडे बारा-पंधरा जण येतात. कुणाला नैराश्य आहे, कुणाला पार्किन्सन, एकजण पांढरी काठी घेऊन येतात, दोन काकू नवरा गेल्यानंतर घराबाहेर पडत नव्हत्या, आणि काही जण नुसतेच कंटाळलेले. "आमच्या भागात असं करायचंय, कसं करू?" म्हणून फोन येतात. प्रत्येक फोन तासभर चालतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सुरुवातीलाच एक सांगते. हे उपचार नाहीत. कलोपचार हे शिकून करायचं वेगळं काम आहे, ते मला येत नाही आणि चित्रकलेच्या बाईंना ते आपोआप येतं असंही नाही. आपण दोन तासांची एक जागा देतो. इथे येऊन बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते, घरच्यांसमोर.

जागा

आमचा पहिला हॉल दुसरीकडे होता. फोनवर सांगितलं होतं, "तळमजल्यावरच आहे हो, फक्त तीन पायऱ्या." मी बघायला गेले नाही, ही माझी चूक. तीन पायऱ्या म्हणजे साधारण १८ इंच चढ. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण १:१२ असतं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. १८ इंचांना १८ फुटांचा उतार लागला असता. हॉलवाल्यांनी पाच फुटांची फळी टाकून दिली. शेवटी व्हीलचेअरवरच्या गृहस्थांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आत घेतलं. सगळे हसले, तेही हसले. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. फोन केला तेव्हा म्हणाले, "बाई, मला चित्र काढायचं होतं, वजन करून घ्यायचं नव्हतं."

तेव्हापासून मी टेप घेऊन जाते. दाराची रुंदी तीन फुटांच्या आसपास हवी. टेबलाखाली गुडघे जायला जमिनीपासून २८ इंच मोकळी जागा हवी, आणि मधे आडवी दांडी नको. केटररकडच्या घडीच्या टेबलांना ती हमखास असते, ती व्हीलचेअरच्या पाय ठेवायच्या पट्टीला लागते. संडास त्याच मजल्यावर हवा, दार बाहेर उघडणारं असेल तर उत्तम, आणि मुख्य म्हणजे त्याची चावी. आमच्या आताच्या हॉलच्या संडासाला कुलूप असायचं, चावी सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी दुपारी झोपलेले. पुण्यात हे गृहीत धरा. आम्ही दुसरी चावी करून घेतली, त्यासाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला.

देवळाचे हॉल फुकट मिळतात, पण मी घेत नाही. कुणाला धर्मामुळे संकोच वाटतो, आणि एखादी मुलगी पाळी आली म्हणून शनिवार चुकवते आणि कारणही सांगत नाही.

हॉलपर्यंत माणूस कसा येणार हेही बघा. ते व्हीलचेअरवाले गृहस्थ आता या हॉलमध्ये परत येतात, पिंपरीहून. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि त्यांचा प्रश्न नव्वद टक्के सुटला, कारण त्यांच्या घराजवळून थेट मंडई स्टेशन. लिफ्ट आहे, डब्यात खुर्चीला जागा आहे. उरलेले दहा टक्के म्हणजे स्टेशनपासून हॉलपर्यंतचा फुटपाथ. त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. म्हणून आमच्यातलं कुणीतरी अडीचला स्टेशनवर जाऊन थांबतं. हे काम मी तरुण मंडळींना देते. त्यांना वाटतं कार्यशाळा तीनला सुरू होते, पण ती अडीचलाच सुरू झालेली असते.

वार आणि वेळ

सकाळी घेऊ नका. मनाच्या आजारावरच्या बऱ्याच औषधांनी सकाळी गुंगी असते. अकराच्या आत कपडे करून बाहेर पडणं हीच त्यांच्यासाठी परीक्षा होते. दुपारी तीन ते पाच ही वेळ आम्हाला फार मानवली. हॉल रिकामा असतो, भाडं कमी पडतं, आणि एकट्या माणसाला घर खायला उठतं ती हीच वेळ.

गुरुवार तर अजिबात नको. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी आणि वीज दोन्ही बहुतेक वेळा गुरुवारीच जातात, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने. मातीचं काम आणि कोरडा नळ, एकदा केलंय, पुन्हा नाही.

बोलावणं

पहिल्या कागदावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "मानसिक आरोग्यासाठी कला कार्यशाळा". दोघं आले. एक माझा भाऊ, दुसरी माझी मैत्रीण, आणि ती मला वाईट वाटू नये म्हणून. लोकांना चित्राची भीती असतेच, त्यात कुणी आत जाताना पाहिलं तर काय म्हणेल याची जास्त. आता आमचा कागद असा असतो:

"शनिवारी दुपारी ३ ते ५. माती, कागद, रंग. चित्र यायला हवं असं नाही. सोबत कुणाला आणलं तरी चालेल. नुसतं बसलं तरी चालेल. मधेच उठून गेलं तरी चालेल. पायरी नाही. संडास खालीच आहे. सुरुवातीला चहा."

खाली लहान अक्षरांत, पण स्पष्ट: "मनाला विसावा मिळावा म्हणून हा उपक्रम आहे. औषधोपचार चालू असलेल्यांचं स्वागत." लपवायचं नाही, फक्त दारावरच पाटी ठोकायची नाही. कागद लावायच्या जागा म्हणजे औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, बँकेतला पासबुक भरायचा कोपरा. व्हॉट्सअॅपवर टाकाच, पण ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो सोसायटीच्या ग्रुपमधून कधीच बाहेर पडलेला असतो. गिरणीत मात्र दळण आणायला जातो.

पैशांचं म्हणाल तर दाराशी एक झाकणाचा डबा ठेवा. टाकायचे ते टाकतात, कुणी बघत नाही. आमचा एक शनिवार हॉल आणि चहा धरून हजार-बाराशे रुपयांत होतो.

माती

इथे जरा थांबते, कारण चार वर्षांत सगळ्यात जास्त कामाला आलेली वस्तू हीच. पेन्सिलीची रेघ हाताची थरथर जशीच्या तशी दाखवते. शाडू ती पोटात घालतो. थरथरता अंगठा मातीत गेला की नुसती नक्षी उमटते. भावाने पहिल्या दिवशी एक वाटी केली, तिच्या काठावर सगळीकडे बारीक बारीक लाटा होत्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही झालर कशी केलीत हो?" त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि दुसरी वाटी करून दाखवली.

गणपतीच्या आधी शाडू कुठेही मिळतो, एरवी कसब्यातल्या कुंभारवाड्यात विचारा. मी जून-जुलैतच वर्षाची पोती भरते. माणशी एक किलो पुरे. आदल्या रात्री भिजवा, सकाळी मळा, पोळीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला की आठवडाभर मऊ राहतो. वाळलेल्या वस्तू कुणाला घरी न्यायच्या नसतील तर फोडून परत भिजवायच्या. पुष्कळांना शेवटी स्वतःच ती वस्तू मुठीत चिरडायला आवडते. चिरडू द्या.

हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत. शाडू पाइपात बसला की प्लंबर आणि सेक्रेटरी दोघेही तुमच्या दारात. दोन बादल्या ठेवा: पहिलीत चिखल काढायचा, दुसरीत हात विसळायचे. तळाशी बसलेली माती परत डब्यात, वरचं पाणी अंगणातल्या झाडाला.

ज्यांना मातीचा स्पर्श सहन होत नाही, असे काहीजण असतातच. त्यांना जबरदस्ती नको. त्यांच्यासाठी कागद फाडून चिकटवणं ठेवा, किंवा घड्या घालणं. ओरिगामीला तर कागदाशिवाय काहीच लागत नाही. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे डॉ. अनिल अवचट कुठेही बसले तरी कागदाच्या घड्या घालत असत, हे पुण्यात अनेकांनी पाहिलंय. पण घड्यांचे नेमके प्रकार पहिल्या दिवशी नकोत, पंख जुळला नाही की माणूस खट्टू होतो.

ब्रश धरता येत नसेल तर दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, किंवा टेनिसच्या चेंडूला भोक पाडून त्यात ब्रश खुपसा. चेंडू मुठीत मावतो, बोटं वळावी लागत नाहीत. कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवा, नाहीतर एका हाताने काम करणाऱ्याचा कागद पळत राहतो. पांढरी काठीवाल्या काकांसाठी मी मेंदीच्या रिकाम्या कोनात फेविकॉल भरून रेघा काढते आणि त्यावर रांगोळी भुरभुरते. रात्रभर वाळल्या की बोटाला लागणाऱ्या कडा तयार. आता ते स्वतःच कोन धरतात, आणि माझी रेघ फार भित्री आहे असं त्यांचं म्हणणं आहे. रंगांचे डबे ओळखायला प्रत्येकाला वेगवेगळ्या जाडीची सुतळी बांधलीय.

रंग प्रत्येकाच्या हाताशी हवेत. एकदा एका आजोबांनी अख्खा कागद काळा करून टाकला. मदतीला आलेली मानसशास्त्राची विद्यार्थिनी मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाली, "बाई, हे बघितलंत?" मी आजोबांना म्हटलं, "आज काळाच?" ते म्हणाले, "बाकीच्या बाटल्या त्या टोकाला. माझा हात पोचत नाही, आणि दर वेळी कुणाला मागायचं?" त्या दिवसापासून मोठी मधली ताटली बंद, प्रत्येकासमोर मफिन ट्रेसारखा सहा खणांचा ट्रे. आणि चित्रावरून माणसाच्या मनाचा अंदाज बांधणंही बंद.

बसणं, उठणं, बोलणं

चहा शेवटी नाही, आधी. कप हातात असला की नव्या माणसाला हातांचं काय करू हा प्रश्न पडत नाही. पाण्याची बाटली प्रत्येकापाशी ठेवा, औषधांनी तोंडाला कोरड पडते. आणि खुर्च्यांच्या मागे भिंतीपर्यंत फेऱ्या मारायला पट्टा मोकळा सोडा. काही औषधांनी माणसाला एका जागी बसवतच नाही, पाय चालायलाच मागतात. तो कंटाळलेला नसतो, उद्धटही नसतो. आमच्याकडे एकजण सात-आठ फेऱ्या मारतो, दोन मिनिटं रंगवतो, परत उठतो. त्याचं चित्र महिनाभर चालतं. माईक लावू नका. एका कोपऱ्यात पाठ करून बसायची खुर्ची ठेवा, कुणाला काही विचारायचं नाही. ऐकू न येणारं कुणी असेल तर सगळे गोलात बसा आणि खिडकीकडे पाठ करून बोलू नका, तोंडावर उजेड हवा.

मला सगळ्यात अवघड गेलं ते "वा!" सोडणं. शिक्षकाच्या तोंडातून ते आपोआप निघतं. एकदा एका काकूंचं फुलांचं चित्र पाहून मी म्हटलं, "वा, काय सुरेख!" आणि त्यांच्या शेजारच्या बाईंनी आपला कागद हळूच पदराखाली घेतला. मी मार्क दिले होते, एकीला दिले म्हणजे दुसरीचे कापले. आता मी दिसतं तेवढंच बोलते. "हा निळा बराच दाबून लावलाय." "कडेला जागा सोडलीत." यावर माणूस बोलायचं तर बोलतो. "हे काय काढलंय?" हेही विचारत नाही. कधी कधी ते काहीच नसतं.

पहिल्या वीस मिनिटांत कोरा कागद कुणासमोर ठेवू नका. आम्ही कागदावर आधीच चहाच्या कपाचा डाग पाडून ठेवतो. डागाचं काहीतरी करता येतं, कोऱ्या कागदाचं येत नाही. किंवा डाव्या हाताने गिरगोटायला सांगते. डाव्या हाताने सगळ्यांचंच वाईट येतं, माझंही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका सभासदांनी विचारलं होतं, "याने होतं काय?" मी त्यांना २०१६ सालचा अमेरिकेतला गिरिजा कैमल यांचा प्रयोग सांगितला. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं माती, कोलाज किंवा रंग यांत मनाला येईल ते केलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते उतरलं, आणि चित्रकला येणाऱ्या-न येणाऱ्यांत फरक दिसला नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावर इमले बांधायला नकोत. पण जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास पाहून कलांचा आरोग्याला उपयोग होतो असंच मांडलंय. सभासद म्हणाले, "ठीक आहे, पण फरशीला डाग पडता कामा नयेत." तेव्हापासून आम्ही जुने फ्लेक्स उलटे अंथरतो.

फोटो

इथे मी एक माणूस गमावला. पहिल्या दिवाळीत सगळ्यांनी पणत्या रंगवल्या, मी उत्साहाने फोटो काढून ग्रुपवर टाकले. ते पुढे कुठे कुठे गेले. एका मुलीच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिला विचारलं, "तू तिथे काय करत होतीस?" ती परत आली नाही. माझा माफीचा मेसेज तिने वाचला, उत्तर दिलं नाही. आता हॉलमध्ये फोटो नाहीत. फक्त वस्तूंचे, तेही ज्याची वस्तू त्याला विचारून, नावाशिवाय. पाहुणे, देणगीदार, नगरसेवक, सगळ्यांना हाच नियम. एक देणगी यामुळे गेली. जाऊ दे.

जेव्हा जड होतं

कुणी रडू लागलं तर सगळ्यांनी भोवती गोळा व्हायचं नाही. एकाने शेजारी बसायचं, पाणी द्यायचं, हवं तर ओट्यावर घेऊन जायचं. बाकीच्यांनी आपलं काम चालू ठेवायचं.

आणि कुणी म्हणालं की जगावंसंच वाटत नाही, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून घरच्या एका माणसाचा नंबर घेऊन ठेवलेला असतो, तिथे फोन. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाय, चहाच्या टेबलाच्या वर, म्हणजे तो वाचायला कुणाला मुद्दाम उठावं लागत नाही. लगेच धोका वाटला तर ११२. मला हे दोनदा करावं लागलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

सुट्टी

मंडईच्या भागात गणपतीत रस्ते बंद असतात, मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. तिसऱ्या वर्षी मी शुक्रवारी रात्री ग्रुपवर टाकलं, उद्या सुट्टी. शनिवारी सव्वातीनला मूर्तीला आणलेली फुलं घेऊन हॉलवरून जात होते, तर ते फेऱ्या मारणारे गृहस्थ बंद दारासमोर उभे. त्यांच्याकडे साधा फोन आहे, हे मला माहीत होतं. ढोलताशांच्या गर्दीतून दोन किलोमीटर चालत आले होते. आम्ही दार उघडलं, दोघांनी चहा केला, त्यांनी ट्रे काढून पाऊण तास रंगवलं, फेऱ्या मारल्या आणि गेले.

आता सुट्टीचा कागद तीन आठवडे आधी दारावर लागतो, आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या चौघांना मी स्वतः फोन करते, गुरुवारी आणि परत शनिवारी सकाळी.